रुपशूच्या थंडीत पत्र्याची चूल

लेह-मनाली रस्त्यावरच्या रुमत्से गावातून निघायचं, त्सो कारच्या खाऱ्या तळ्याला वळसा घालायचा, पाच हजार मीटरच्या वरच्या खिंडी ओलांडायच्या आणि त्सो मोरिरीच्या काठावर कोर्झोकला उतरायचं, असा हा लडाखच्या रुपशू भागातला ट्रेक. तिथल्या खिंडी आणि तळी पाहावीत अशीच आहेत; तरी या लेखात मी जास्त रेंगाळणार आहे ते मुक्कामाच्या तंबूतल्या चुलीपाशी. आम्ही सप्टेंबरअखेर गेलो होतो. दिवसा ऊन इतकं कडक की नाकाची सालं निघतात, आणि सूर्य डोंगराआड गेला की तासाभरात बाटलीच्या तोंडाशी बर्फाची कड धरते. अशा ठिकाणी झोपायच्या आधी तासभर ऊब मिळाली तर दुसरा सगळा दिवस वेगळा जातो, हे मी पूर्वीच्या भटकंतीत पुरेपूर अनुभवलं आहे.

चूल म्हणजे गुडघ्याएवढी पत्र्याची पेटी. पाय घडी होणारे, पुढे दार, दाराखाली हवेची खिडकी, मागे एकात एक बसणारे धुराड्याचे पाइप. सगळं मिळून दहा किलोच्या आसपास, म्हणजे घोड्यावरच न्यायची वस्तू. स्वयंपाक रॉकेलच्या स्टोव्हवर व्हायचा. चुलीचं काम उबेचं, मोजे-हातमोजे वाळवण्याचं आणि वेळ आलीच तर बर्फ वितळवण्याचं. ती जेवणाच्या मोठ्या कापडी तंबूत लावायची, झोपायचे तंबू वेगळे. हा नियम पहिल्यापासून होता आणि तो का, ते पुढे येईलच.

रुमत्से

लेहला उंचीची सवय होईपर्यंत थांबलो, कागदपत्रं उरकली आणि जीपने निघालो. उपशीला सिंधू नदी सोडली की रस्ता एका अरुंद घळीत शिरतो. जांभळे, तांबूस, मधेच हिरवट खडक दोन्ही बाजूंनी अंगावर येतात. ग्या गाव मागे पडलं आणि रुमत्से आलं. चार हजार मीटरच्या वरचं गाव. शेतात जवाची कापणी उरकत आली होती, पेंढ्या पाठीवर घेऊन बायका घराकडे निघाल्या होत्या.

आमच्या घोडेवाल्यांचं घर इथलंच. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. तिथल्या रिवाजाप्रमाणे आम्ही त्यांना अचो, म्हणजे थोरले भाऊ, म्हणू लागलो. चहा झाल्यावर त्यांनी चूल अंगणात मांडायला लावली. दार उघडून बंद केलं, पाइपमधून आकाशाकडे पाहिलं आणि विचारलं, "लांबी एवढीच?"

"दोन मीटर आहे."

ते घरात गेले आणि जुन्या बुखारीच्या (घर उबवायच्या चुलीच्या) पाइपचा हातभर तुकडा घेऊन आले. त्याची कड पक्कडीने चुरगळून आमच्या पाइपमध्ये बसवली. पाइप जितका उंच तितकी ओढ जास्त, आणि ठिणग्याही तंबूच्या कापडापासून लांब पडतात. हा हातभर तुकडा पुढे सोन्याच्या मोलाचा ठरला.

सरपण त्यांच्या धाब्यावर रचलेलं होतं. लडाखच्या घरांच्या छपरांच्या कडेने काटक्या आणि गोवऱ्यांच्या राशी दिसतात, हिवाळ्याची बेगमी. अचोंनी विळो (म्हणजे विलो, वाळुंज) आणि सफेद्याचे (तिकडे पॉप्लरला सफेदाच म्हणतात) वीतभर लांबीचे तुकडे एका पोत्यात भरले. सफेदा लवकर पेटतो आणि लवकर संपतो, विळो जरा टिकतो, म्हणून दोन्ही हवेत. दुसऱ्या पोत्यात याक आणि दझोच्या (याक-गाईच्या संकराच्या) वाळक्या शेणी. पुढे रुपशूत झाड नाही, त्यामुळे लाकूड फक्त पेटवण्यापुरतं आणि खरी आच शेणीची, हा त्यांचा हिशेब. शुक्पा म्हणजे जुनिपर घेऊ या का, असं आमच्यातल्या एकाने विचारलं, तेव्हा त्यांनी मान हलवली. त्याची पानं देवापुढे धूप म्हणून जाळतात. ते झाड फार सावकाश वाढतं आणि चुलीत घालायचं नसतं.

जाणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं ते एवढंच, की लाकूड चुलीच्या पेटीपेक्षा चार बोटं आखूड तोडून न्या. लांब ओंडक्याने दार लागत नाही, आणि पाच हजार मीटरवर कुऱ्हाड चालवायला लागलात तर दहा घावांत छाती भरून येते. काम खालीच उरकावं.

क्यामर

पहिली चाल सोपी. ओढ्याकाठची हिरवळ, बिळांच्या तोंडाशी उभे राहून शीळ घालणारे मार्मोट, डोक्यावर गिधाडांच्या घिरट्या. दुपारीच मुक्कामाला पोहोचलो.

नव्या चुलीचा पहिला जाळ तंबूबाहेर करावा लागतो. पत्र्याला लागलेलं तेल आणि रंग तापला की उग्र धूर सुटतो, तो बंद तंबूत नको. अर्धा तास मोकळ्यावर जाळली, धूर स्वच्छ यायला लागला, मग निववून आत नेली. अचोंनी जमिनीवर चार चपटे दगड मांडले, त्यावर चुलीचे पाय ठेवले आणि पेटीच्या तळाशी ओंजळभर वाळू पसरली. दगडांमुळे खालची ओल चढत नाही आणि पाय रुतत नाहीत. वाळूमुळे तळाचा पत्रा जळत नाही. पाइप जिथून बाहेर जातो तिथे कापडाला पत्र्याची चकती होती, तरी त्यांनी भोवतीचं कापड पाण्याने पुसून घेतलं.

आणि मग त्यांनी जे केलं ते मी अगदी जवळ बसून पाहिलं. चूल भरली होती: शेणीचे तुकडे, वर विळोच्या काड्या. आपण सगळे इथेच काडी लावतो. अचोंनी आधी वाळक्या गवताची एक जुडी वळली, हात कोपरापर्यंत पेटीत घातला, जुडी मागे नेऊन पाइपच्या तोंडाखाली ठेवली आणि फक्त तीच पेटवली. क्षणभर धूर दाराकडे आला. मग एकदम ज्योत आडवी झाली, मागे वळली आणि पाइपमध्ये शिरली. भर्र असा बारीक आवाज आला. तेव्हा कुठे त्यांनी पुढच्या काड्यांना आग दिली.

याचं कारण सरळ आहे. संध्याकाळी पाइप बर्फासारखा गार असतो आणि त्यात थंड, जड हवा बसलेली असते. खालचा कोवळा जाळ तिला वर ढकलू शकत नाही, म्हणून धूर दारातून परत तोंडावर येतो. गवताच्या एका जुडीने पाइप आतून गरम झाला की हवा हलकी होऊन वर निघते, आणि तिच्या जागी दारातून ताजी हवा आपोआप ओढली जाते. एकदा ही ओढ लागली की बाहेरची थंडी उलट मदतच करते, कारण आतल्या-बाहेरच्या तापमानात फरक जितका जास्त तितकी ओढ जोरकस.

त्या रात्री आम्ही त्या चुलीभोवती बसून थुक्पा (शेवयांचं सूप) प्यायलो. बाहेर ओढ्याच्या कडा गोठत होत्या.

तिसालिंग

दोन खिंडींचा दिवस: क्यामर ला आणि मंडलचन ला. दोन्ही पाच हजारांच्या वर. दुसऱ्या खिंडीवर वारा असा की बोलता येत नव्हतं, पताकांचा फडफडाट तेवढा ऐकू येत होता. उतरून तिसालिंगला तंबू पडले तेव्हा उंची पाच हजारांच्या आसपास होती आणि सगळ्यांची डोकी जड.

या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्म्याहून थोडा जास्त असतो. हवेत प्राणवायूचं प्रमाण तेच, पण हवाच विरळ. माणसाला जी धाप लागते तीच जाळालाही लागते. खाली ज्या अंगठ्याएवढ्या काडीला आग पटकन धरते ती इथे नुसती काळी पडून विझते. उपाय एकच: सगळं बारीक करायचं. काडेपेटीच्या काडीएवढं, मग पेन्सिलीएवढं, मग बोटाएवढं, आणि प्रत्येक पायरी पुरेशी पेटल्यावरच पुढची. अचो चाकूने विळोच्या फाकेवर लांब, पातळ ढलप्या काढायचे, त्या पूर्ण न तोडता फाकेलाच ठेवायचे. असा पिसारा काढलेल्या दोन-तीन फाका असल्या की कागदही लागत नाही.

लायटरचं सांगतो. खटका दाबून ठिणगी पाडणारे लायटर इथे एकामागून एक गप्प झाले. विरळ हवेत ते दगा देतात, आणि थंडीत आतला ब्युटेन नीट वायूरूप होत नाही. चाक फिरवायचा साधा लायटर अंगाशी, आतल्या खिशात ठेवला तर चालतो. तरी भरवशाच्या म्हणाल तर काड्याच. त्या दोन ठिकाणी, दोन प्लास्टिकच्या डब्यांत ठेवा. एक सामानात, एक स्वतःजवळ.

चूल पेटली, ऊब आली, आणि आमच्या डॉक्टर मैत्रिणीने खिशातून कार्बन मोनॉक्साइडचा छोटा अलार्म काढून तंबूच्या बांबूला बांधला. रोज बांधायची, पण त्या दिवशी तिने सगळ्यांना बसवून सांगितलं आणि ते इथे जसंच्या तसं देण्याजोगं आहे. अर्धवट जळणाऱ्या कुठल्याही जाळातून हा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. त्याची पहिली लक्षणं म्हणजे डोकेदुखी, मळमळ, थकवा, आणि उंची लागल्याचीही लक्षणं नेमकी हीच. पाच हजार मीटरवर डोकं दुखणारा माणूस उंचीला दोष देऊन चुलीशेजारीच आडवा होतो, तिथेच घात होतो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे कामाचा नाही, कारण कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त त्याला प्राणवायूने भरलेलंच वाटतं आणि आकडा चांगला दिसत राहतो. म्हणून जेवणाचा तंबू आणि झोपायचे तंबू वेगळे, चुलीच्या तंबूला खाली आणि वर अशी दोन्हीकडे फट उघडी, आणि चूल पूर्ण विझल्याशिवाय त्या तंबूत डुलकीसुद्धा घ्यायची नाही. कुणाचं डोकं दुखायला लागलं तर आधी बाहेर मोकळ्या हवेत. कारणांची चर्चा नंतर.

धुमसणारी शेणी हा वायू जास्त सोडते, लख्ख पेटलेली कमी. रात्री हवेची खिडकी बंद करून चूल मंद ठेवायची सवय पुष्कळांना असते. तंबूत ती फार धोक्याची आहे.

पोंगुनागू, त्सो कार

शिबुक ला ओलांडून खाली उतरायला लागलो आणि त्सो कारचं खोरं उघडलं. पांढऱ्या कडा असलेलं तळं. तो पांढरेपणा मिठाचा. पूर्वी चांगपा, म्हणजे इथले भटके पशुपालक, इथलं मीठ गोळा करून मेंढ्या-बकऱ्यांच्या पाठीवर लादून धान्याच्या बदल्यात न्यायचे. शेजारी गोड्या पाण्याचं स्तार्त्सापुक त्सो. दोन्ही मिळून २०२० साली रामसर यादीत आलेली पाणथळ जागा. क्यांगचा, म्हणजे तिथल्या रानगाढवांचा, एक कळप आमच्या बाजूने बराच वेळ धावला आणि मग एकाएकी थांबून आमच्याकडे पाहत राहिला. काळ्या मानेच्या क्रौंचांची एक जोडी पिल्लासह दलदलीत चरत होती. पिल्लू तांबूस, जवळजवळ आईएवढं झालेलं. महिन्याभरात त्यांना हे खोरं सोडून जायचं होतं. डोळे भरून पाहिलं.

दुपारनंतर वारा सुटला तो थांबेना. त्या संध्याकाळी चूल लावलीच नाही. वारा गरगरत येत होता, पाइपच्या तोंडात शिरत होता, आणि मोकळ्या माळावर उडालेली ठिणगी कुठे जाईल याचा नेम नव्हता. अचो म्हणाले, "आज नाही." विषय संपला. पिसं भरलेल्या झोपायच्या पिशव्यांत लवकर शिरलो. चूल न लावायचं ठरवणं हेही कसबाचंच काम आहे, आणि ज्याच्यावर ती जबाबदारी आहे त्याचा शब्द गटाने मानावा.

दुपारचं ऊन मात्र वाया गेलं नव्हतं. पोहोचल्या पोहोचल्या त्यांनी शेणीचं पोतं काळ्या ताडपत्रीवर, वाऱ्याच्या आडोशाला रिकामं केलं होतं. तिथली हवा इतकी कोरडी की दोन तासांत शेणी वजनाला हलकी लागते. वाळलेली शेणी ओळखायची कशी, तर बोटाच्या पेराने वाजवायची. भाजलेल्या मडक्यासारखा आवाज आला तर घ्यायची, बद्द आवाज आला तर परत उन्हात. रंग करडा-पांढुरका, मोडली तर आत गवताचे धागे सुटे दिसले पाहिजेत. रात्री ती सगळी परत पोत्यात, पोतं तंबूत.

इथवर आल्यावर मला उमगलं की अचोंची चूल संध्याकाळी पेटत नव्हती. ती सकाळपासून पेटत असायची. चालता चालता वाटेवरच्या शेणी वाजवून पिशवीत टाकणं, दुपारी उन्हात घालणं, जेवणाआधी ढलप्या काढून ठेवणं, दगड हेरणं. काडी ओढणं हा त्यातला शेवटचा, सगळ्यात छोटा भाग.

नुरुचन

छोटी चाल, ओढ्याकाठचा छान मुक्काम. चांगलं ऊन. कपडे धुतले, डोकी धुतली. डाळीला कुकरच्या बऱ्याच शिट्ट्या झाल्या तेव्हा ती शिजली. पाणी इथे ८५ अंशांच्या आतबाहेरच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ-तांदूळ शिजवायच्या फंदात पडू नये. चूल एका काडीत लागली.

राचुंगकारू

या मुक्कामासाठी मी पुन्हा त्या वाटेने जाईन. पठारावर चांगपांचे दोन-तीन तंबू होते. एक जुन्या पद्धतीचा रेबो, याकच्या केसांच्या काळ्या कापडाचा, बाकीचे पांढरे. संध्याकाळी बकऱ्या परत आल्या. त्यांना समोरासमोर दोन ओळींत, मानेला मान अडकवून एकाच दोरीत बांधतात आणि एका टोकापासून दूध काढत जातात. आजी, सुना, नात, सगळ्या कामात. आम्ही लांबूनच "जुले", म्हणजे नमस्कार, केलं. काम झाल्यावर त्यांनीच आत बोलावलं.

रेबोच्या मधोमध पत्र्याची चूल, वर छपराच्या फटीतून गेलेला पाइप. अचोंनी आमची ओळख करून दिली. आजींनी, म्हणजे अमा-लेंनी (आईला तिकडे आदराने असं म्हणतात), लाकडी पेल्यांतून लोण्याचा खारट चहा दिला आणि छुर्पे, म्हणजे वाळवलेलं चीज, पुढे केलं. पेला थोडा रिकामा झाला की त्या परत भरायच्या. नको असेल तर भरलेलाच ठेवायचा असतो.

चुलीत बकऱ्यांच्या लेंड्या जळत होत्या. लेंडी नुसती ढीग करून ठेवली तर घुसमटते, तिला सतत हवा लागते. त्यासाठी बकरीच्या कातड्याचा भाता. एका टोकाला लोखंडी नळी, दुसऱ्या टोकाला उघडं तोंड आणि त्याच्या दोन कडांना दोन काठ्या. अमा-ले एका हाताने तोंड उघडून भाता उचलायच्या, मिटून दाबायच्या, आणि दुसऱ्या हाताने नळीच्या टोकाशी मूठ मूठ लेंड्या सोडायच्या. उघड, मीट, दाब. तोंडाने आमच्याशी गप्पा चालूच. नळीच्या समोरचा गोळा लाल, मग केशरी, मग जवळजवळ पांढरा झाला. चहाचं भांडं बघता बघता गाऊ लागलं. मी भाता मागून घेतला. तोंड मिटायच्या आधीच दाबलं की हवा उलटी निघून जाते. तो मेळ जमायला वेळ लागतो. त्यांच्या नातीने माझा हात धरून चार-पाच वेळा करून दाखवलं.

तंबूबाहेर शेणीची पोती छातीएवढी रचलेली होती. त्या राशीकडे पाहून आमच्यातल्या एकाने सहज विचारलं की यातली दोन पोती घेतली तर चालतील का. अचोंनी ते भाषांतर करून सांगण्याआधीच आम्हाला समजावलं. हा या घराचा हिवाळा आहे. तापमान उणे तिशीकडे जातं तेव्हा हेच जळण. दगडांची वर्तुळं, म्हणजे तंबूच्या जुन्या जागा, दिसतात तिथली शेणीसुद्धा उचलायची नाही. ते लोक त्याच जागी परत येतात. वाटेवरची, वस्तीपासून दूरची उचलायची, आणि हवीच असेल तर विचारून, योग्य मोबदला देऊन घ्यायची. अमा-लेंनी अर्धं पोतं दिलं, पैसे रीतसर घेतले. मला हा व्यवहार फार योग्य वाटला.

बुर्त्सेबद्दलही सांगायला हवं. रुपशूच्या माळावर घोट्याएवढी, उग्र वासाची झुडपं असतात. मुळासकट उपटली की चांगली जळतात, म्हणून पुष्कळ गट सर्रास उपटतात. पण त्या मुळांनीच तिथली भुसभुशीत माती धरून ठेवलेली असते आणि ती वाढायला वर्षानुवर्षं लागतात. बकऱ्यांचा चाराही तोच. स्वतःच्या उबेसाठी दुसऱ्याचा चारा जाळू नये, हे माझं ठाम मत आहे. ज्या वाटांवर सरपणाला बंदी आहे तिथे तर चूल नेऊच नये. नेपाळच्या सगरमाथा राष्ट्रीय उद्यानात ट्रेकर्सना लाकूड जाळता येत नाही. तिथे रॉकेल किंवा गॅस, दुसरा विचार नाही.

ग्यामा

क्यामायुरी लावर पोहोचायच्या आधीच आभाळ भरलं. खिंडीवर भुरभुर, पलीकडे उतरताना जाड बर्फ. ग्यामाला पाच हजारांच्या वर तंबू टाकले तेव्हा हातमोजे ओले, बुटांच्या आत पाणी, आणि माझ्या मावसबहिणीची बोटं पांढरी पडायला लागलेली. डॉक्टरने तिचे हात स्वतःच्या जॅकेटच्या आत, काखेत धरून ठेवले. स्वयंपाक्याच्या स्टोव्हचा पंप अडकला होता आणि तो मेणबत्तीच्या उजेडात वॉशर बदलत होता. त्या संध्याकाळी चूल म्हणजे चैन उरली नव्हती.

पोत्यातल्या वरच्या शेणींना ओल लागली होती. अचोंनी त्या बाजूला काढल्या आणि तळातल्या, राचुंगकारूच्या, वाजवून पाहिल्या. विळोच्या फाका त्यांनी दोन रात्री स्वतःच्या अंथरुणाखाली ठेवलेल्या होत्या, त्या खणखणीत कोरड्या होत्या. साल ओलसर, ती सोलून टाकली.

रचना नेहमीपेक्षा उलटी. तळाशी दोन जाड फाका, एकमेकींत बोटभर अंतर ठेवून. त्यावर आडव्या शेणीच्या कडा. शेणी मोडताना कड वेगळी काढायची, कारण पातळ कड आधी धरते आणि मधला जाड भाग नंतर. त्यावर बोटाएवढ्या काड्या, मग पेन्सिलीएवढ्या, आणि सगळ्यात वर ढलप्यांचा पिसारा आणि मेणबत्तीचं बोटभर थोटुक. जाळ वरून लावायचा. वरून पेटलेला जाळ पाइपच्या जवळ असतो, पाइप लवकर तापतो, आणि खालचं ओलसर जळण हळूहळू वाळत जातं. खालून पेटवलं असतं तर आधी त्या सगळ्या ओलीची वाफ करण्यातच जाळाचा जीव गेला असता.

गवताची जुडी पाइपखाली लावली. धूर परत आला. दुसरी लावली. परत आला. बाहेर वाऱ्याची दिशा बदलली होती. अचोंनी तंबूभोवती एक चक्कर मारली आणि वाऱ्याच्या बाजूचा पडदा खालून हातभर वर केला, आडोशाच्या बाजूचा घट्ट बंद केला. कारण आडोशाकडचं दार उघडं असलं तर वारा तंबूतली हवा बाहेर खेचतो आणि धूर पाइपमधून उलटा खाली येतो. वाऱ्याकडून आत येऊ दिलं तर तीच हवा चुलीला वर ढकलते. तिसऱ्या जुडीला पाइप भर्र वाजला. रुमत्सेचा तो जादा तुकडा तंबूच्या माथ्यावरून हातभर वर निघाला होता, तो नसता तर गरगरणाऱ्या वाऱ्यात हे झालं नसतं.

मेणबत्तीवरून ढलप्या, ढलप्यांवरून काड्या. दार बोटभर उघडं ठेवून अचो मांडी घालून बसले आणि अर्धा तास हलले नाहीत. फुंकर मारायची ती लांब, सावकाश, आणि मधे थांबून. भराभर फुंकणाऱ्याला या उंचीवर भोवळ येते. शेणीची कड केशरी झाली. मग तिच्या पोटात निखारा धरला. पेटीचा पत्रा टिकटिकायला लागला आणि तंबूत पहिल्यांदा कुणीतरी मोठ्याने बोललं.

मग बर्फ वितळवायला ठेवला. पातेल्यात आधी थोडं पाणी असू द्या, नुसता कोरडा बर्फ टाकला तर बूड करपतं आणि पाण्याला जळका वास येतो. मोजे दोरीवर, चुलीपासून हातभर लांब. बूट तर आणखी लांब, तळ सुटतात. बहिणीच्या बोटांत रंग परतला तेव्हा ती रडली, कारण रक्त परत येताना कळा असह्य असतात. ती बोटं चुलीवर शेकू दिली नाहीत. बधिर कातडीला चटका कळत नाही. अंगाची ऊब किंवा कोमट पाणी एवढंच द्यायचं.

शेणीची राख भरपूर होते. दर तासाला ती पुढे ओढून डब्यात घ्यावी लागते, नाहीतर हवेची खिडकी बुजते आणि जाळ धुमसतो. जेवणं झाल्यावर जाळ पूर्ण संपू दिला, निखारे डब्यात काढून बाहेर बर्फात विझवले, अलार्मकडे एकदा पाहिलं आणि आपापल्या तंबूत गेलो. पहाटे थर्मामीटर उणे अकरा दाखवत होता. मोजे कोरडे होते.

कोर्झोक

यालुंग न्याऊ ला या वाटेवरची सगळ्यात उंच खिंड, ५,४०० मीटरच्या वर. ताज्या बर्फात अचो घोड्यांच्या पुढे वाट पाडत गेले. माथ्यावरून त्सो मोरिरी दिसलं: निळं, लांबलचक, पलीकडे बर्फाच्छादित शिखरांची रांग. लांब उतार उतरून कोर्झोकला पोहोचलो. गोंपाखालच्या (बौद्ध मठाखालच्या) एका घरात उतरलो, गरम भात आणि पालेभाजी मिळाली. इतक्या दिवसांनी हिरवी भाजी खाताना कुणी बोलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चूल साफ केली. पाइपच्या आत काजळी जाड बसली होती. ती काठीला फडकं बांधून काढली, कारण तशीच राहिली तर एखाद्या दिवशी पाइपमध्येच पेटते. पत्रा कोरडा पुसून तेलाचा हात दिला. उरलेलं लाकूड आणि शेणी अचोंनी मागून घेतल्या. त्यांना रिकामे घोडे घेऊन त्याच खिंडींवरून परत जायचं होतं. मी पाइपचा तुकडाही परत करायला लागलो, तर म्हणाले, "ठेवा. पुढच्या वेळी दोन मीटर घेऊन येऊ नका."